बदलापूरहून उत्तनला, नदीच्या मागे मागे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला दिलेला विषय होता ‘संगणक क्षेत्र आणि आजची पिढी’. मी नम्रपणे नकार दिला. आपल्या मागून आलेल्या तुकड्यांतली मुलं त्या विषयावर माझ्यापेक्षा ताजं बोलतील. मी म्हटलं, मला एका सहलीबद्दल बोलू द्या. पंधरा मिनिटांच्या अटीवर परवानगी मिळाली. यात माझा थोडा स्वार्थ आहे. आज दुपारी माजी विद्यार्थी निधीचं काय करायचं ते ठरणार आहे आणि मला त्या निधीतला एक तुकडा हवा आहे. कशासाठी, ते ओघात येईलच.

गेल्या जुलैतल्या एका रविवारी आमच्या वर्गातले चौघं जण भर पावसात गाडीने फिरायला गेलो. नावं घेत नाही, कारण स्मरणिका घरोघरी वाचली जाते आणि त्यातल्या एकाने घरी ‘ऑफिसचं काम’ सांगितलं होतं. एक गाडीवाला, अंबरनाथचा. एक मैत्रीण उल्हासनगरची. एक मित्र बदलापूरचा, आणि मी.

पावसात फिरायला जायचं म्हटलं की सगळी मुंबई आपल्याकडे येते. कोंडेश्वर, भोज, बारवीचा रस्ता. रविवारी सकाळची कर्जत लोकल बदलापूरला रिकामी होते. आपण मात्र घरात बसून भजी तळतो आणि संध्याकाळी धबधब्यावरच्या बंदी आदेशाच्या बातम्या वाचतो. म्हणून ठरलं की आपण उलट जायचं, समुद्राकडे. कुठल्या समुद्राकडे, हे बदलापूरच्या मित्राने ठरवलं.

त्याच्याबद्दल थोडं सांगायला हवं. २६ जुलै २००५ ला त्यांचं घर तळमजल्यावर होतं, नदीपासून फार लांब नाही. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला ही नोंद सगळ्यांना पाठ आहे. बदलापूरला काय झालं ते आपल्यालाच ठाऊक. त्याच्या घरातलं सगळं गेलं. माणसं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी ओढून घेतली म्हणून वाचली. तेव्हापासून पावसाळ्यात आमच्या ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांऐवजी त्याचा संदेश येतो : उल्हास नदी, बदलापूर, सकाळची पातळी अमुक. इशारा पातळी १६.५० मीटर, धोका पातळी १७.५०. हे आकडे मला माझ्या पॅन क्रमांकापेक्षा चांगले पाठ आहेत. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तेव्हा त्याचे संदेश दर अर्ध्या तासाला येत होते.

तर तो म्हणाला, “इतकी वर्षं मी हे पाणी येताना बघतोय. जातं कुठे ते कधी बघितलंच नाही. एकदा बघून येऊ.”

आपल्या भूगोलाच्या बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही विचारायचात, उल्हास नदी कोठे मिळते? आम्ही लिहायचो, अरबी समुद्रास. एक गुण. तो गुण आम्ही सगळ्यांनी मिळवला आणि विषय संपला.

निघालो साडेसहाला. अंबरनाथला गाडीवाल्याने हट्टाने शिवमंदिराजवळ गाडी थांबवली. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं हे देऊळ वालधुनीच्या काठी आहे, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. वालधुनीकडे मात्र पाहुण्यांना नेत नाही. काकोळ्याच्या बाजूने येणारी ही छोटी नदी अंबरनाथ आणि उल्हासनगर पार करून कल्याणजवळ उल्हासला मिळते. उल्हासनगरच्या मैत्रिणीच्या लहानपणी घरात एक खेळ असायचा : आज नाला कुठल्या रंगाचा? जीन्स धुण्याचे कारखाने जोरात होते तेव्हा उत्तर बहुतेक निळा असायचं. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस रात्रीच्या वेळी कुणीतरी वालधुनीत रसायन ओतलं आणि त्याच्या वायूने शेकडो माणसं रुग्णालयात गेली, त्यानंतर तो खेळ कुणी खेळलं नसेल. ‘वनशक्ती’ संस्थेने या दोन्ही नद्यांसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, ती याच काळातली गोष्ट.

मुख्य नदीबद्दल एक गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली, म्हणून सांगते. उल्हास लोणावळ्याच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते. सह्याद्रीतून पश्चिमेला येणाऱ्या कितीतरी नद्या मार्च-एप्रिलमध्ये गोट्यांच्या होतात, पण आपली भर मेमध्येही वाहते. ती आपल्या पुण्याईने वाहत नाही. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रात खाली उतरतं आणि वीज करून उल्हासच्या खोऱ्यात सोडलं जातं. हे १९२२ पासून चालू आहे. ते पाणी मुळात भीमेच्या खोऱ्यातलं, म्हणजे पंढरपूरहून पुढे बंगालच्या उपसागराला जायचं. ते घाटावरून वळवलं, म्हणून आपल्या तीनही गावांना बारमाही नदी मिळाली. एवढी मोठी उसनवारी आपण शाळेत कधी शिकलो नव्हतो.

कल्याण, ठाणे आणि मग घोडबंदर रस्ता. गायमुखला डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला खाडी. पाऊस इतका होता की पलीकडचा काठ दिसत नव्हता. मित्राने विचारलं, ही कुठली खाडी? मी म्हटलं, ही तीच. कल्याणपर्यंत भरतीचं पाणी चढतं, तिथून पुढे नदीला खाडी म्हणतात. म्हणूनच कल्याण बंदर होतं. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराची सुरुवात याच पाण्यावर झाली. ठाण्याजवळ या पाण्याचा एक फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीकडे जातो आणि मुख्य प्रवाह वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो. मधला जो तुकडा पाण्याने वेढला जातो तो साष्टी. बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत ज्याला आपण मुंबई-ठाणे म्हणतो ते बेट आहे आणि ते बेट करणाऱ्या पाण्यातलं मोठं पाणी आपल्या दारावरून गेलेलं आहे. मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “वायपर जोरात कर.”

भाईंदर पश्चिमेला गेलात की शहर एकदम संपतं. मुर्धे, राई, मोरवा अशी गावं लागतात. दोन्ही बाजूंना मिठागरं. पावसाळ्यात मीठ नसतं, नुसते चौकोनी पाण्याचे आरसे आणि त्यावर पावसाचे टपोरे थेंब. पुढे डोंगरी, तारोडी, उत्तन, पाली, चौक, आणि दक्षिणेला गोराई, मनोरी. या सगळ्या पट्ट्याला तिथले लोक धारावी बेट म्हणतात. आमच्या गाडीवाल्याला हे पटेना. त्याच्या मते धारावी एकच, माहीम-शीवच्या मधली. पण ही धारावी इतिहासातली आहे. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेला आणि पोर्तुगीजांना हा डोंगर हवा होता, कारण इथून वसईच्या खाडीचं तोंड हातात येतं. चौकला उभं राहिलं की समोर पाण्यापलीकडे वसईचा किल्ला. हल्ली भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली आहे.

रस्ता अरुंद, वळणाचा. ताडाची झाडं, कौलारू घरं, वाड्यावाड्यांच्या तोंडाशी क्रूस, त्यावर झेंडूच्या ओल्या माळा. इथले बहुतेक लोक ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन. बोली मराठी, पण तिचा हेल ऐकायला आपण दोन मिनिटं थांबावं असा. उत्तनला आत वळलो तर समुद्रच दिसेना, कारण मध्ये होड्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. सगळा ताफा किनाऱ्यावर ओढलेला, निळी ताडपत्री पांघरून एकाला एक चिकटून उभा. इंजिनं दुरुस्तीला काढलेली, शेडमध्ये जाळी पसरलेली. उन्हाळ्यात इथे बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात. आता त्या काठ्या नुसत्याच पावसात भिजत होत्या. मला वाटतं एखाद्या गावाची सुट्टी बघणं हे त्याचं काम बघण्यापेक्षा कमी नसतं. लाटा गढूळ, चहाच्या रंगाच्या. आम्ही खरोखरचा चहा घेतला, छत्रीखाली, उभ्याने. अर्धा पावसाने भरला.

मग उत्तरेला पाली करून चौकला गेलो, खाडीच्या तोंडाशी. आणि तिथे ती दिसली.

जलपर्णी. किनाऱ्यावर गुडघाभर उंचीचा ढीग, काही अजून हिरवी, बरीचशी काळी पडलेली. पाण्यात तिची बेटंच्या बेटं तरंगत होती. रायता पुलाजवळ, मोहन्याजवळ एप्रिल-मेमध्ये आपण जी बघतो, अख्खी नदी हिरवी क्रिकेटची मैदानं करून टाकणारी, तीच जांभळ्या फुलांची. भरती चालू होती. बेटं समुद्राकडून आत, खाडीत चालली होती. मित्र म्हणाला, “ही परत आपल्याकडे निघाली की काय?”

शेडमध्ये एक काका जाळं विणत बसले होते, त्यांनी ऐकलं. म्हणाले, नाही, सहा तासांनी परत फिरेल. असंच येऊन-जाऊन करते, मग मरते.

शेजारी मावशी सुके बोंबील घेऊन बसल्या होत्या. आम्ही भाव विचारला, त्यांनी गाव विचारलं. बदलापूर म्हटल्यावर म्हणाल्या, “म्हणजे बारवीकडचे.”

आम्ही चाट पडलो. बारवी यांना कशी ठाऊक? पण त्यात नवल काही नव्हतं. मीरा-भाईंदरचं पाणी दोन ठिकाणांहून येतं. एक एमआयडीसीकडून, बारवी धरणातलं पाणी नदीवाटे येतं आणि आपल्या जांभूळला शुद्ध होतं. दुसरं ‘स्टेम’कडून. स्टेम म्हणजे शहाड-टेमघर. शहाडला उल्हासमधून उचललेलं पाणी. मावशी म्हणाल्या, आमच्या नळाला पाणी आलं नाही की पेपरात तुमच्या गावांची नावं येतात. बारवीत साठा कमी. शहाडला पंप बंद. जांभूळला दुरुस्ती. आम्ही इतक्या वर्षांत त्यांच्या गावाचं नाव बातमीत वाचून एकदाही थांबलो नव्हतो आणि त्यांना आपल्या गावांचा अख्खा नकाशा पाठ होता. बारवीची उंची वाढवली तेव्हा आपल्याकडची काही गावं पाण्याखाली गेली, हेही त्यांना माहीत होतं.

काकांनी पायाने जलपर्णीचा गठ्ठा सरकवला. “आणि हीपण तुमच्याकडूनच.”

उल्हासनगरची मैत्रीण जरा चिडली. कशावरून आमच्याकडून? काका चिडले नाहीत. त्यांनी सांगितलं, हिला खारं पाणी सोसत नाही. इथे उगवणं शक्यच नाही. गोड्या पाण्याची आहे म्हणजे वरून आली. पहिला मोठा पाऊस झाला की चार-पाच दिवसांत दिसते, दर वर्षी.

मग त्यांनी त्यांचं जाळं समजावलं, आणि ते मला कॉलेजातल्या कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा जास्त शिकवून गेलं. त्याला डोल म्हणतात. लांब पिशवीसारखं जाळं, पाण्यात खुंटाला बांधून ठेवायचं, तोंड प्रवाहाकडे. ते माशामागे जात नाही. भरती-ओहोटीची ओढ जे आणेल ते त्यात शिरतं. बोंबील, जवळा, करंदी अशी मासळी त्यात मिळते ती त्यामुळेच. पण प्रवाह काही निवडून देत नाही. पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, चपला, आणि पावसात जलपर्णी. ती भिजून इतकी जड होते की जाळं फाटतं. जाळं वर ओढलं की आधी कचरा वेचायचा, मग मासळी. हे काम बायकांकडे येतं. मावशी म्हणाल्या, आधी एक तास जायचा, आता तीन जातात. मजुरी कोण देणार?

माझ्या धंद्यात अपस्ट्रीम आणि डाउनस्ट्रीम हे शब्द दिवसातून वीस वेळा येतात. वरच्या टीमने काहीही सोडलं की रात्री जागते खालची टीम. पण तिथे निदान नोंदी असतात, कोणाच्या बदलाने काय मोडलं ते शोधता येतं. इथे नोंद म्हणजे ते झाड. मैत्रिणीला त्या ढिगात फरसाणची एक पिशवी सापडली, पत्ता उल्हासनगरचा. तिने ती गुपचूप पर्समध्ये टाकली. खरं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. उल्हासनगरचा माल सगळ्या मुंबईत विकला जातो. पण जलपर्णी कुणी दुकानातून विकत घेऊन खाडीत टाकत नाही. ती वाढते सांडपाण्यावर, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. अनुकूल पाणी मिळालं तर पंधरवड्यात दुप्पट होते. म्हणजे आपल्या बाथरूमच्या आणि संडासच्या पाण्याचा हा हिरवा हिशेब, दर जुलैत चौकच्या किनाऱ्यावर पोचवला जाणारा. आपल्या पुढे कल्याण-डोंबिवली, भिवंडी, ठाणेही आहेत, सगळा दोष आपला नाही, हे मी काकांना सांगितलं. ते “हो” म्हणाले आणि जाळं विणत राहिले.

आम्ही गोड पाणी पाठवतो पाइपने आणि वापरलेलं पाठवतो नदीने, आणि दोन्ही एकाच गावात पोचतं. मावशींच्या नळाला आणि काकांच्या जाळ्याला.

पुढची सहल थोडक्यात सांगते. गोराईचा पॅगोडा ढगात निम्मा बुडाला होता. मनोरीपर्यंत गेलो, तिथे समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प मुंबई महापालिकेने आखला आहे. चारही बाजूंनी पाणी, वरून पाऊस, आणि नळासाठी ही धडपड! जेवलो, भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण, त्याचं वर्णन केलं तर समिती मला थांबवेल. परतताना मित्राच्या सांगण्यावरून पुन्हा चौकला गेलो. ओहोटी लागली होती. बेटं आता बाहेर, समुद्राकडे चालली होती, बऱ्यापैकी वेगात. तो छत्री न उघडता अर्धा तास उभा राहिला. मी विचारलं नाही काय वाटतंय. त्या रात्री ग्रुपवर पातळीचा संदेश आला, त्यात पहिल्यांदाच दोन ओळी होत्या : बदलापूर, अमुक मीटर. चौक, ओहोटी रात्री अमुक वाजता. तेव्हापासून तो दोन्ही ओळी पाठवतो.

आता निधी. शाळेच्या फाटकाला कमान बांधावी असा प्रस्ताव आहे. कमानीला माझा विरोध नाही, पण आपल्या शाळेचं नाव रिक्षावाल्यांनाही माहीत आहे, ते लिहून दाखवायची तितकी घाई नाही. माझी मागणी अशी की निधीतून दर वर्षी नववीच्या मुलांना एक दिवस या नदीच्या मागे मागे उत्तनला न्यावं. वाटेत जांभूळ किंवा शहाडला बाहेरून का होईना थांबावं, रायता पुलावर उभं राहावं, गायमुखला खाडी दाखवावी, आणि चौकला काकांसमोर बसवावं. जुलैत नको. भर पावसात पालक पाठवणार नाहीत आणि ते बरोबर आहे. दोन बस लागतील. एका बसचं डिझेल गाडीवाल्याने मनोरीला बोंबील खाताना कबूल केलं आहे, साक्षीदार तिघं आहोत. भूगोलाच्या बाईंनी बरोबर यावं, त्यांची खिडकीची जागा राखून ठेवू.

काकांशी मी फोनवर बोलून घेतलं. ते म्हणाले, नारळी पौर्णिमा होऊ द्या, होड्या पाण्यात जाऊ द्या, मग आणा पोरांना. जाळं किनाऱ्यावर ओतू, त्यांनाच निवडायला लावू, मासळी इकडे, बाकीचं तिकडे. फक्त सकाळी ओहोटी असेल असा शनिवार बघा. सप्टेंबरमधले असे शनिवार मी काढून ठेवले आहेत. यादी खजिनदारांकडे दिली आहे.